सत्यघटनांवर लिहिणाऱ्या माणसाला निर्दोषांना झालेल्या शिक्षांमध्येच एवढा रस का?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. मी कथा-कादंबरी सोडून खरे खटले, माहितीपट आणि त्यातही चुकीच्या माणसाला झालेली शिक्षा यांच्याच मागे का असतो, हे एक. आणि या वाटेला नव्यानं येणाऱ्यानं कुठून सुरुवात करावी, हे दुसरं. पहिल्याचं उत्तर देता देता दुसऱ्याचं बरंचसं येऊन जाईल.

आधी हे सांगतो की खुनाच्या गोष्टींचं मला फारसं आकर्षण नाही. 'खुनी कोण' या प्रश्नाचा मला लवकर कंटाळा येतो. खिळवून ठेवतं ते निराळंच. चुकलेल्या खटल्यांची निकालपत्रं वाचत गेलात की पुन्हा पुन्हा एखादा असा कागद भेटतो, जो पहिल्या काही दिवसांतच फायलीला लागलेला असतो. आरोपीबद्दल शंका यावी एवढं त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि तरी वर्षानुवर्षं तो सगळ्यांच्या हाताखालून जातो. रहस्यकथेत पुरावा शेवटच्या प्रकरणात सापडतो. इथे तो पहिल्यापासून समोर असतो, फक्त कोणी वाचत नाही. मी लिहितो ते या न वाचलेल्या कागदांबद्दल.

आपल्याकडचंच उदाहरण घ्या. जून २००३ मध्ये नाशिक भागात शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बाईमाणसांवर अत्याचार झाले. जखमी होऊन वाचलेल्यांत घरातली एक बाई होती. पोलिसांनी भटक्या जमातीतल्या, मजुरी करून पोट भरणाऱ्या सहा जणांना पकडलं. २००६ साली सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. २००७ मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची फाशी कायम ठेवून तिघांना जन्मठेप दिली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राज्य सरकारचं अपील मान्य करून पुन्हा सहाही जणांना फाशीच्या रांगेत उभं केलं.

मग ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयानं, तीन न्यायमूर्तींच्या पीठानं, सहाही जणांना निर्दोष सोडलं. मधल्या काळात नवीन काय सापडलं? डीएनए? खऱ्या गुन्हेगाराची कबुली? काहीच नाही. फेरविचार याचिका मान्य झाल्या, अपिलं पुन्हा ऐकली गेली आणि जुनेच कागद पुन्हा वाचले गेले. त्या कागदांत होतं काय, तर वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांकडच्या फोटोंच्या अल्बममधून चार माणसं ओळखली होती. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तशी नोंदही झाली होती. हे चौघं त्या सहा जणांपैकी नव्हते. त्यांचा पुढे तपासच झाला नाही. नंतर त्याच बाईनं ओळखपरेडीत आणि कोर्टात या सहा जणांकडे बोट दाखवलं, आणि खटला त्या बोटावर उभा राहिला.

त्या बाईला मी दोष देत नाही. डोळ्यांदेखत कुटुंब संपलेल्या माणसाची आठवण म्हणजे पंचनामा नव्हे. प्रश्न पुढच्यांचा आहे. साक्षीदारानं आधी चार वेगळी माणसं ओळखली असताना ती चार माणसं गेली कुठे, हे सोळा वर्षांत विचारलं कोणी? सर्वोच्च न्यायालयानं शेवटी विचारलं. चौघांच्या बाबतीत पुढचा तपास करायला सांगितलं, चुकार पोलिस अधिकाऱ्यांवर कारवाईसाठी मुख्य सचिवांना निर्देश दिले आणि सहा जणांना प्रत्येकी पाच लाख रुपये द्यायला राज्य सरकारला सांगितलं. सहा जणांपैकी एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हेही फाशी कायम झाल्यानंतरच ठरलं.

ज्यांना भटक्या-विमुक्तांची चळवळ ठाऊक आहे, त्यांना यात धक्का बसण्यासारखं काही वाटणार नाही. इंग्रजांचा १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण चोरी झाली की आधी भटक्यांच्या पालावर पोलिसांची गाडी जाते, ही सवय कायद्याबरोबर गेली नाही. म्हणून मी चुकीच्या शिक्षेकडे एखाद्या अपघातासारखं बघत नाही. पकडलेला माणूस कोण आहे, त्याचा वकील कोण आहे आणि त्याच्या बाजूनं फाइल पुन्हा उघडायला लावणारं कोणी आहे का, यावर कागद वाचला जाणं अवलंबून असतं.

आता माहितीपट. एकच पाहायचा असेल तर एरॉल मॉरिस यांचा १९८८ सालचा 'द थिन ब्लू लाइन' पाहा. १९७६च्या नोव्हेंबरात अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलस शहरात रात्री गाडी अडवणाऱ्या एका पोलिसाला गोळ्या घातल्या गेल्या. गाडी चोरलेली होती आणि ती चोरणारा सोळा वर्षांचा डेव्हिड हॅरिस होता. पिस्तूलही त्यानंच आणलेलं. एका पोलिसाला मारलं म्हणून त्यानं मित्रांत बढाईही मारली होती. तरी फाशीची शिक्षा झाली ती त्या दिवशी त्याला रस्त्यात भेटलेल्या रँडल अ‍ॅडम्सला, हॅरिसच्याच साक्षीवर. हॅरिस वयानं लहान, टेक्सासच्या कायद्यात त्याला मृत्युदंड देता येत नव्हता. अ‍ॅडम्सला देता येत होता. एवढं सांगून पुरे.

मॉरिस या खटल्यासाठी तिथे गेलेच नव्हते. त्यांना चित्रपट करायचा होता एका मानसोपचारतज्ज्ञावर. फाशीच्या खटल्यांत 'हा माणूस पुन्हा खून करणारच' अशी छातीठोक साक्ष देत फिरणारा हा डॉक्टर. त्याच्या साक्षींमुळे फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना भेटता भेटता मॉरिस अ‍ॅडम्सपर्यंत पोचले. पूर्वी त्यांनी खासगी गुप्तहेर म्हणून काम केलं होतं, त्यामुळे कागद उपसण्याची सवय होती. आणि इथेही तसाच कागद निघाला. ज्या बाईनं कोर्टात 'गोळी झाडणारा हाच' म्हणून अ‍ॅडम्सकडे बोट दाखवलं, तिनं घटनेनंतरच्या लेखी जबाबात खुनी मेक्सिकन किंवा उजळ रंगाचा कृष्णवर्णीय असल्याचं म्हटलं होतं. अ‍ॅडम्स गोरा होता. ओळखपरेडीतही तिनं दुसऱ्याच माणसाला निवडलं होतं, आणि पोलिसानं तिला बरोबर माणूस कोणता ते सांगितलं, हे ती मॉरिस यांच्या कॅमेऱ्यासमोर सहज बोलून गेली. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही!

या माहितीपटावर तेव्हा टीका झाली की यात घटना नट घेऊन पुन्हा चितारल्या आहेत, मग हा माहितीपट कसला. मला उलट तीच त्यातली सगळ्यात शहाणी युक्ती वाटते. मॉरिस 'असं घडलं' म्हणून काही दाखवत नाहीत. प्रत्येक साक्षीदारानं जे सांगितलं ते चितारून दाखवतात, आणि एकच रात्र दर वेळी वेगळी दिसते. म्हणजे पडद्यावर दिसतात त्या साक्षी, आणि त्यांतल्या बऱ्याच खोट्या. टीव्हीवरच्या गुन्हे-मालिकांत नेमकं उलटं होतं. पोलिसांनी सांगितलेली गोष्ट नट करून दाखवतात आणि आपण ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी लक्षात ठेवतो. निकाल लागायच्या आधीच घराघरांत आरोपी दोषी ठरलेला असतो. तुम्हाला या विषयात यायचं असेल तर ही सवय आधी मोडावी लागेल.

चित्रपटाच्या शेवटी हॅरिसची जवळजवळ कबुलीच आहे. त्या मुलाखतीच्या दिवशी कॅमेरा बिघडला म्हणून ती फक्त टेपवर आहे, पडद्यावर नुसता टेपरेकॉर्डर दिसत राहतो. पुढच्याच वर्षी, मार्च १९८९ मध्ये, टेक्सासच्या न्यायालयानं अ‍ॅडम्सची शिक्षा रद्द केली आणि तो बारा वर्षांनी सुटला. दरम्यान १९८५ साली हॅरिसनं आणखी एका माणसाचा खून केला होता. त्यासाठी त्याला २००४ साली मृत्युदंड दिला गेला. चुकीच्या माणसाला आत टाकलं की खरा बाहेर राहतो, हे गणित पीडितांच्या बाजूनं तावातावानं बोलणाऱ्यांना मात्र सुचत नाही.

सुटल्यावर अ‍ॅडम्सनं मॉरिस यांच्यावरच दावा लावला. ज्यानं सोडवलं त्याच्यावर! भांडण होतं स्वतःच्या आयुष्याच्या गोष्टीवर हक्क कोणाचा, याचं. पुढे ते मिटलं. अनेकांना हा कृतघ्नपणा वाटतो, मला वाटत नाही. बारा वर्षं ज्याचं सगळं दुसऱ्यांनी ठरवलं, त्यानं बाहेर आल्यावर 'माझी गोष्ट तरी माझी राहू द्या' म्हटलं तर चूक काय? मी सुटलेल्या माणसांशी बोलतो तेव्हा हा दावा डोक्यात असतो. त्यांनी मला मुलाखत द्यावी असं ते माझं काही देणं लागत नाहीत. एखाद्यानं नाही म्हटलं की मी नोंदीवरच लिहितो, आणि नोंदीत नसलेला संवाद कोणाच्या तोंडी घालत नाही. त्यामुळे लेखन कधी कधी कोरडं होतं. होऊ दे.

लेखकानं खटल्यात हात घालणं ही नवी फॅशन आहे असं समजू नका. १९०३ साली इंग्लंडमधल्या ग्रेट वायर्ली गावात घोड्या-गुरांची पोटं फाडण्याचे प्रकार झाले आणि जॉर्ज एडलजी नावाच्या तरुण वकिलाला सात वर्षांची सक्तमजुरी झाली. त्याचे वडील शापुरजी मूळचे आपल्या मुंबईचे पारशी. ख्रिस्ती होऊन तिथल्या चर्चमध्ये पाद्री झालेले. गोऱ्या खेड्यात काळसर पाद्री ही गोष्ट सगळ्यांना पचलेली नव्हती, घरावर निनावी पत्रांचा मारा वर्षानुवर्षं चालू होता. तीन वर्षांनी जॉर्ज तुरुंगातून सुटला, पण दोषी म्हणूनच. त्यानं शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल यांना लिहिलं. डॉयल त्याला भेटायला लंडनच्या हॉटेलात गेले, तर हा गृहस्थ वर्तमानपत्र डोळ्यांजवळ, जरा तिरकं धरून वाचत बसलेला. डॉयल स्वतः डॉक्टर, डोळ्यांचं शिक्षण घेतलेले. त्यांच्या ध्यानात आलं की एवढ्या अधू नजरेच्या माणसानं काळोख्या पावसाळी रात्री रेल्वेचे रूळ आणि कुंपणं ओलांडून शेतात जनावर गाठणं अवघड आहे. त्यांनी १९०७च्या जानेवारीत 'डेली टेलिग्राफ'मध्ये सगळा खटला उलगडून मांडला.

सरकारनं माफी दिली, पण अर्धवट. जनावरांच्या आरोपातून मुक्त केलं, त्या प्रकारांबद्दलची निनावी पत्रं मात्र त्यानंच लिहिली असं म्हणून भरपाई नाकारली. त्या पत्रांचं हस्ताक्षर ओळखणारा सरकारी तज्ज्ञ आधीच अ‍ॅडॉल्फ बेक नावाच्या निर्दोष माणसाच्या खटल्यात साफ चुकला होता, आणि तरी त्याचं मत चाललं. याच दोन प्रकरणांच्या रेट्यानं १९०७ साली इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय स्थापन झालं. त्याआधी तिथे शिक्षेविरुद्ध धड अपीलच नव्हतं. जॉर्जच्या डोळ्यांचं काय, तर ते अधू आहेत हे घरात, कचेरीत सगळ्यांनाच माहीत होतं.

अलीकडचं म्हणाल तर ११ जुलै २००६च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांचा खटला. २०१५ साली विशेष न्यायालयानं बारा जणांना दोषी धरलं, पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ला मुंबई उच्च न्यायालयानं बाराही जणांना निर्दोष ठरवलं. तोवर एक जण तुरुंगातच वारला होता. सर्वोच्च न्यायालयानं तीनच दिवसांत म्हटलं की या निकालाचा दाखला इतरत्र देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत जायला लावलं नाही. तिथे प्रकरण अजून चालायचं आहे, म्हणून मी त्यावर मत देत बसत नाही. पण उच्च न्यायालयाचं निकालपत्र कबुलीजबाबांवर काय म्हणतं ते जरूर वाचा. वेगवेगळ्या माणसांचे, वेगवेगळ्या अधिकाऱ्यांनी घेतलेले जबाब ठिकठिकाणी शब्दाला शब्द जुळतात. साध्या खटल्यात पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, मोक्का, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कायदा, लागला की वरिष्ठ अधिकाऱ्यापुढची चालते. हा फरक समजला की निम्म्या बातम्या वेगळ्या वाचता येतात.

भरपाईबद्दल थोडक्यात. २०१८ साली विधी आयोगानं २७७व्या अहवालात सुचवलं की चुकीच्या खटल्यात भरडलेल्यांसाठी भरपाईचा कायदा करा. तो झालेला नाही. न्यायालयाच्या मनात आलं तर मिळते, नाही तर सुटकेचा कागद घेऊन घरी जायचं. आणि आपल्या तुरुंगांत दर चार माणसांत तिघं अजून कच्चे कैदी आहेत, म्हणजे दोषी की निर्दोष हे ठरायच्याच आधीचे. यांच्यावर माहितीपट निघत नाहीत. फाशी नाही, रहस्य नाही, शेवटचा क्षण नाही. फक्त तारीख.

हे सगळं वाचून मन खराब होत नाही का, असंही तुम्हाला विचारावंसं वाटेल. होतं. पण टीव्हीवरचा गुन्हे-कार्यक्रम पाहून होतं त्यापेक्षा कमी, कारण इथे चूक कुठे झाली ते पान क्रमांकासकट दाखवता येतं.

सुरुवात कुठून करायची? त्या २०१९च्या निकालपत्रापासून. सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर निकालपत्रं फुकट मिळतात आणि बऱ्याच निकालांचे मराठी अनुवादही तिथे आहेत. २००९चं आणि २०१९चं शेजारी शेजारी ठेवून वाचा. एकाच पुराव्याची दोन वाचनं आहेत ती. मग मॉरिस यांचा माहितीपट. माहितीपट पाहताना दिग्दर्शकाच्याही मागे डोळे झाकून जाऊ नका. अमेरिकेत गाजलेल्या 'मेकिंग अ मर्डरर' या मालिकेवर सरकारी पक्षाचे अडचणीचे पुरावे गाळल्याचा आरोप झाला, आणि त्यात तथ्य आहे. आरोपीवर जीव जडला की लेखकही तपासी अंमलदारासारखाच सोयीचे कागद उचलायला लागतो.

आणि हे सगळं पडद्यावर बघण्याआधी एकदा जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात जाऊन बसा. काही नाजूक खटले सोडले तर कोर्ट सगळ्यांना खुलं असतं. सकाळी अकराच्या सुमाराला जा, मोबाइल बंद ठेवा आणि पट्टेवाल्याला विचारा की आज कुठल्या कोर्टात उलटतपासणी चालू आहे.