गोठलेल्या तळ्यावरची सभा: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

गेल्या लेखात मी ओझरतं लिहून गेलो होतो की, नॉर्वेच्या उत्तरेकडच्या सुलित्येल्मा इथल्या तांब्याच्या खाणीतल्या मजुरांनी १९०७ साली गोठलेल्या तळ्यावर उभं राहून युनियन काढली. त्यावर आलेल्या पत्रांचा सूर बहुतेक "अर्धवट सांगून पळालात" असाच आहे. तक्रार रास्त आहे. जमतील तेवढ्या प्रश्नांना उत्तरं देतो.

सभा तळ्यावरच का? गावात एखादं मैदान नव्हतं का? (सोलापूर)

मैदान असेलही, पण ते कंपनीचं असणार. तिथं सगळंच कंपनीचं होतं. नील्स पेर्शोन नावाच्या स्वीडिश उद्योजकानं १८९१ मध्ये ही कंपनी उभी केली. स्वीडनच्या सीमेला लागून, आर्क्टिक वृत्ताच्याही वर, डोंगरांच्या बेचक्यातली ही जागा. खाण, भट्टी, मजुरांच्या बराकी, सगळ्यांचा मालक एकच. युनियनचं नाव काढणाऱ्याला कामावरून काढत, आणि काम गेलं की डोक्यावरचं छप्परही गेलं. जानेवारीत तिथं छप्पर जाणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

अशात कंपनीनं फर्मान काढलं की प्रत्येक मजुरानं नंबर असलेला धातूचा बिल्ला अंगावर लावायचा. मजुरांनी त्याला लगेच नाव ठेवलं, ‘गुलामीची खूण’. हांकेन नावाच्या खाणीतल्या लोकांनी तो लावायला नकार दिला आणि त्यांना कामावरून काढलं. बातमी एका खाणीतून दुसऱ्या खाणीत गेली. १३ जानेवारी १९०७ ला रविवार होता. त्या दिवशी सुमारे १३०० माणसं लांगवातनेट या तळ्याच्या बर्फावर जमली. जमीन कंपनीची होती, पण पाणी कुणाच्या सातबाऱ्यावर नव्हतं. हिवाळ्यानं त्या पाण्याचंच मैदान करून दिलं. तिथंच ठरलं, संघटना करायची.

माझं मत विचाराल तर बिल्ला हे निमित्त होतं. राग बराकीचा होता, मुकादमाच्या तोंडाचा होता, सभेला जागा नसण्याचा होता. पण बराक सगळ्यांची सारखी नसते, मुकादमही सारखा नसतो. बिल्ला मात्र १३०० छातींवर एकसारखाच येणार होता, म्हणून १३०० जण एका जागी आले.

त्या सभेचा पुढारी कोण? खाणीत राबून पुढे मोठा कामगार नेता झालेल्या एखाद्या नॉर्वेजियन माणसाचं चरित्र सविस्तर सांगा. (कोल्हापूर)

तुमची थोडी निराशा करणार आहे. नॉर्वेच्या कामगार चळवळीतली ज्यांची नावं साऱ्या देशाला पाठ झाली, ती माणसं बहुतेक दुसऱ्या धंद्यांतून आली. मार्टिन त्रानमेल घरं रंगवणारा रंगारी. योहान न्यूगोर्ड्सवोल लाकडाच्या कामातला मजूर, तो १९३५ मध्ये पंतप्रधान झाला. एइनार गेरहार्डसेन ओस्लोच्या रस्त्यांवर खडी टाकणारा. तो आधी रस्ता कामगारांच्या युनियनचा अध्यक्ष झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तीनदा पंतप्रधान. खाणीनं अशी नावं कमी दिली, आणि कारण वरच्या उत्तरातच आहे. शहरातला रंगारी एका मालकाशी भांडला तर दुसऱ्या गल्लीत काम शोधेल. खाणीच्या गावात दुसरी गल्लीच नसते. बोलणारा माणूस आधी गावातून जायचा आणि बोचकं उचलून पुढच्या कामावर लागायचा. कुठं रेल्वेचा बोगदा, कुठं धरण, कुठं दुसरी खाण. १८९५ मध्ये जो ‘आर्बाइड्समान्सफोरबुंड’ हा मजूर महासंघ निघाला, त्यात बोगदे खणणारे आणि खाणीतले एकत्र होते, कारण पुष्कळदा ती तीच माणसं होती. युनियन त्यांच्या बोचक्यातून देशभर फिरली.

तरी एक आयुष्य सांगतोच. योहान फाल्कबर्गेट, जन्म १८७९, रोरोस या तांब्याच्या खाणीच्या गावाजवळच्या एका खोऱ्यातला. सात-आठ वर्षांचा असताना खाणीवर कामाला लागला. अशा पोरांचं काम म्हणजे हातोडीनं दगड फोडायचे, तांब्याची चमक असलेला तुकडा एका ढिगाऱ्यावर टाकायचा, फुकटचा दगड दुसऱ्या ढिगाऱ्यावर. बोटं गारठलेली, पाठीवर मुकादमाची नजर. पुढं तो खाणीच्या पोटात उतरला आणि १९०६ पर्यंत, म्हणजे सत्ताविशीपर्यंत, खाणकामगारच राहिला. पाळीनंतर लिहायचा. खाण सोडल्यावर पत्रकार झाला, कादंबरीकार म्हणून गाजला, आणि १९३१ ते १९३३ मजूर पक्षातर्फे नॉर्वेच्या संसदेत, म्हणजे स्टॉर्टिंगमध्ये बसला. युनियनचा पुढारी म्हणून त्याचं नाव कुणी घेत नाही. पण ज्यांची नावं कुठंच लिहिली गेली नाहीत त्या माणसांबद्दल तो आयुष्यभर लिहीत राहिला. मला विचाराल तर पुढारीपणाचा हाही एक प्रकार आहे. कोल्हापूरकरांना पटेल न पटेल.

टूरबरोबर रोरोसला गेलो होतो. गावाशेजारी काळे ढिगारे आणि चर्चच्या मनोऱ्यावर हातोड्या दिसल्या. गाइड घाईत होता. हे काय आहे? (पुणे)

काळे ढिगारे म्हणजे तांबं वितळवल्यावर उरलेली मळी. रोरोसची कंपनी १६४४ ला निघाली आणि १९७७ ला दिवाळं वाजून बंद पडली. काही शतकांचा कचरा आहे तो. भट्टीच्या धुरानं आणि सरपणानं आसपासचं जंगल संपवलं, म्हणून डोंगर तुम्हाला बोडके दिसले असतील.

चर्च १७८४ चं. आडव्यातिडव्या हातोड्या ही खाणीची निशाणी, ती देवळाच्या मनोऱ्यावर. आत बसायच्या जागाही हुद्द्याप्रमाणे ठरलेल्या होत्या, साहेबांच्या वेगळ्या आणि मजुरांच्या वेगळ्या. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही, गावकीच्या पंगती आपणही पाहिल्यात.

तुमच्या प्रश्नाच्या आडून एक महत्त्वाची गोष्ट सांगता येते. इतक्या जुन्या खाणी, मग युनियन इतकी उशिरा का? काँग्सबर्गचं उदाहरण घ्या. तिथं १६२३ मध्ये चांदी सापडली. गोष्ट अशी सांगतात की गुरं राखणाऱ्या दोन मुलांना ती दिसली. दुसऱ्याच वर्षी राजा चौथा क्रिस्टियान यानं गाव वसवलं. अठराव्या शतकात तिथं सुमारे चार हजार लोक कामाला होते. दगड फोडायची जुनी रीत म्हणजे खडकाला लाकडं टेकवून रात्रभर जाळायची. तापलेला खडक तडकला की सकाळी तो पहारीनं काढायचा. एका वर्षात बोगदा काही मीटरच पुढं सरके. धुरात, अंधारात, शिड्यांवरून शेकडो मीटर खाली उतरून हे काम. पण या राजाच्या खाणीत डॉक्टर होता, शाळा होती, म्हाताऱ्याला आणि विधवेला थोडाफार आधार होता. मायबाप मालक. ज्याच्या हातून धान्य घ्यायचं त्याच्यासमोर मूठ आवळणं अवघड जातं. सुलित्येल्मासारख्या नव्या कंपन्यांत मालक होता, मायबाप नव्हता, म्हणून भांडण तिथं आधी पेटलं.

काँग्सबर्गला आता छोट्या आगगाडीनं डोंगरात २.३ किलोमीटर आत नेतात. रोरोसला परत गेलात तर तेही करा. आत थंडी असते, स्वेटर न्या.

या सगळ्या कथेत एकही बाई नाही? (नागपूर)

आहे, आणि जबरदस्त आहे. एलिसिफ वेसेल. रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसच्या डॉक्टरांची बायको, चांगल्या घरची, कॅमेरा घेऊन त्या भागातल्या सामी आणि इतर रहिवाशांचे फोटो काढणारी. १९०६ मध्ये तिथं लोखंडाची खाण सुरू झाली आणि त्याच वर्षी ‘नोर्डेन्स क्लिप्पे’, म्हणजे ‘उत्तरेचा कडा’, ही मजुरांची युनियन निघाली. बाई तिच्या कामात बुडाल्या. पुढं इतक्या जहाल झाल्या की रशियातून पळालेल्या क्रांतिकारकांना मदत करू लागल्या. डॉक्टरांच्या घरी सगळ्यांची ये-जा असायची, याचा त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

खाणीत सुरुंगाची काडतुसं मागे ठेवून द्या, असं एका नॉर्वेजियन नेत्यानं म्हटलं होतं म्हणे. खरं का? (लातूर)

जवळजवळ. वर उल्लेख केलेला त्रानमेल. अमेरिकेत काही वर्षं रंगकाम करून, तिकडची लढाऊ युनियनबाजी पाहून परतला. १९११ मध्ये त्रोन्हेममध्ये त्यानं आणि त्याच्या साथीदारांनी जुन्या नेतृत्वाविरुद्ध गट उभा केला. त्यांचं म्हणणं, लांब मुदतीचे करार मजुराचे हात बांधतात, ते मोडा. १९१२ च्या एका भाषणात तो अशा अर्थाचं बोलला की, संपावर जाताना खडकातल्या भोकांत चार काडतुसं ‘विसरून’ राहिली असतील, तर संपफोडे कामावर यायला दोनदा विचार करतील. वर्तमानपत्रांना आयतं कोलीत मिळालं. पुढं आयुष्यभर ते डायनामाइट त्याला चिकटलं.

खाणीतल्या माणसाला ते वाक्य कसं ऐकू आलं असेल? न फुटलेला सुरुंग हा त्यांच्या रोजच्या भीतीचा विषय. आदल्या पाळीचं एखादं भोक राहून जातं, दुसऱ्या पाळीचा माणूस तिथंच पहार मारतो. रंगाऱ्याला तो शब्द फेकणं सोपं होतं. खाणकामगार तो इतक्या सहज बोलला असता असं मला वाटत नाही.

आणि गंमत बघा. १९३५ मध्ये मध्यवर्ती कामगार संघटना आणि मालकांची संघटना यांच्यात मुख्य करार झाला, ज्याच्यावर नॉर्वेतली औद्योगिक शांतता आजही उभी आहे. तेव्हा मजूर पक्षाच्या मुखपत्राचा संपादक हाच त्रानमेल होता.

माझा मुलगा ध्रुवीय संशोधनाच्या क्षेत्रात आहे. भारताचं ‘हिमाद्री’ केंद्र जिथं आहे ते नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरचं नी-ओलेसुन पूर्वी खाणीचं गाव होतं हे खरं का? (वास्को)

खरं आहे, आणि तुमच्याच गावाशी त्याचा संबंध आहे. वास्कोतलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्रच ‘हिमाद्री’ चालवतं. ते २००८ मध्ये सुरू झालं. गाव सांभाळणारी ‘किंग्ज बे’ ही सरकारी कंपनी मूळची कोळशाची.

या कोळशात वायू होता. १९४८ च्या स्फोटात १५ गेले, १९५२ मध्ये ९, १९५३ मध्ये १९. खाण काही वर्षं बंद राहिली, मग पुन्हा उघडली. ५ नोव्हेंबर १९६२ ला पुन्हा स्फोट झाला आणि २१ माणसं गेली. त्यातली काही आजही डोंगरातच आहेत, बाहेर काढता आली नाहीत.

आता इथं मालक कोण होता? सरकार. आणि सरकार कुणाचं? गेरहार्डसेनचं, रस्ता कामगारांच्या युनियनमधून वर आलेल्या माणसाचं, मजूर पक्षाचं. चौकशी समितीनं सुरक्षेतल्या त्रुटींवर बोट ठेवलं, संसदेला वेळेवर नीट माहिती दिली नाही असा ठपका आला. उद्योगमंत्र्याचं पद गेलं. ऑगस्ट १९६३ मध्ये अविश्वासाचा ठराव आला. १५० जणांच्या सभागृहात मजूर पक्षाचे ७४, विरोधी पक्षांचे ७४, आणि मजूर पक्षातून फुटून निघालेल्या डाव्या गटाचे २. त्या दोघांनी सरकारच्या विरोधात मत दिलं. ७६ विरुद्ध ७४. युद्धानंतर पहिल्यांदा नॉर्वेत बिगर-मजूर सरकार आलं. ते महिनाभरही टिकलं नाही, गेरहार्डसेन परत आला, पण पूर्वीचा दरारा परत आला नाही.

सुलित्येल्मात निदान समोर परका मालक होता. इथं मजुरांनी निवडून दिलेलं सरकारच खाणीचं मालक होतं, आणि तरी चौथ्यांदा तेच घडलं. हे मला त्या २१ मृत्यूंइतकंच अस्वस्थ करतं. मुलगा तिकडं गेला तर त्या माणसांच्या स्मारकापाशी थोडा वेळ थांबायला सांगा.

मी ओस्लोत आयटीत आहे. ऑफिसात सगळे युनियनमध्ये, मला सारखं विचारतात. व्हिसावर परिणाम होईल का? (ओस्लो)

नाही. सभासद होणं हा तुमचा हक्क आहे, आणि नोकरी देताना मालकानं "तुम्ही युनियनमध्ये आहात का" असं विचारायलाही तिथल्या कायद्यानं बंदी आहे. देशातले साधारण निम्मे नोकरदार कुठल्या ना कुठल्या संघटनेत आहेत. सगळ्यांना लागू असा किमान वेतनाचा कायदाच तिथं नाही. बरंचसं सामूहिक करारांवर चालतं, म्हणून तुमचे सहकारी मागे लागलेत. इंजिनिअर असाल तर ‘टेकना’ किंवा ‘निटो’ यांची माहिती काढा, वर्गणीवर करातही थोडी सूट मिळते.

आधी ऑफिसातला ‘तिलित्सवाल्ग्ट’ कोण ते विचारा. युनियनच्या प्रतिनिधीला तिथं हाच शब्द आहे, अर्थ ‘विश्वासानं निवडलेला’. त्याच्याबरोबर एकदा जेवायला बसा. तिकडं अकरालाच डबे उघडतात, उशीर करू नका.