खुब्याचा सांधा आणि पॉलिसीचा दुसरा हप्ता

प्रश्न : मी ६३ वर्षांचा असून खानापूर तालुक्यातील एका अनुदानित हायस्कूलमधून निवृत्त झालो आहे. निवृत्तिवेतन ३४,००० रुपये आहे. उजव्या खुब्याचा सांधा झिजल्याने मार्चमध्ये बेळगावात शस्त्रक्रिया ठरली आहे. साध्या सांध्याने एकूण खर्च २,७५,००० आणि सिरॅमिकच्या सांध्याने ३,७५,००० रुपये सांगितला आहे. सिरॅमिकचा घेतला तर जुलैत भाताच्या रोपलावणीला स्वतः चिखलात उतरेन आणि मजुरीचे ४०,००० वाचतील, असा माझा हिशेब आहे. सौहार्द पतसंस्थेत ६ लाख आणि बँकेत ५ लाख ठेव आहे. कोणती मोडावी? मोडलेली रक्कम पुढे भरून निघेल, कारण गेल्या वर्षी बँकेतील साहेबांनी दिलेल्या पॉलिसीतून शस्त्रक्रियेचे पैसे मिळणार आहेत. तिचा हप्ता वर्षाला १,५०,००० असून तो दहा वर्षे भरायचा आहे. दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात आहे.

उत्तर : सर, आपण विचारलेल्याचे उत्तर थोडक्यात देता येते. ठेव पतसंस्थेतली मोडावी, थोडे व्याज बुडाले तरी चालेल. कारण बँकेतील ५ लाखांपर्यंतच्या ठेवीला ठेव विम्याचे संरक्षण असते, पतसंस्थेतील ठेवीला ते नसते. आणि ज्या कारणासाठी आपण वरचे एक लाख मोजायला निघाला आहात, त्या कारणासाठी ते मोजू नयेत.

मी डॉक्टर नव्हे, तेव्हा सांध्याची निवड आपल्या शल्यविशारदांनीच करावी. पण हिशेबापुरते एवढे स्पष्ट आहे, की गोळा आणि वाटी कशाची बनवली आहे यावर सांधा किती सावकाश झिजेल हे अवलंबून असते, चिखलात ओणवे होऊन रोपे लावता येतील की नाही हे नव्हे. खोल वाकताना किंवा उकिडवे बसताना गोळा वाटीतून निसटण्याची भीती असते, आणि ती सिरॅमिकलाही असते. टिकाऊपणाबद्दल म्हणाल, तर परदेशांतील सांधेरोपणाच्या नोंदींवर आधारलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार खुब्याचे सुमारे ५८ टक्के कृत्रिम सांधे २५ वर्षे टिकतात. २५ वर्षांनी आपण ८८ वर्षांचे असाल.

या शस्त्रक्रियेनंतर शंभरातले नव्वदांच्या आसपास रुग्ण समाधानी असतात. गुडघ्याच्या बाबतीत पाचांतला एक नाराज राहतो, त्या मानाने खुब्याचे रुग्ण सुखी म्हणायचे. तरीही जे नाराज राहतात त्यांच्यातील अनेकांचा सांधा क्ष-किरण चित्रात अगदी ठाकठीक दिसतो. आधी धरलेली अपेक्षा मात्र पुरी झालेली नसते. ठणका जाईल, रात्री कुशीवर वळता येईल, काठीवाचून बसस्टँडपर्यंत जाता येईल, एवढ्या अपेक्षेने जो जातो तो बहुधा खूश होऊन परततो. आपण रोपलावणीची अपेक्षा धरली आहे आणि तिच्या भरवशावर ४०,००० रुपये जमेलाही धरले आहेत. ते ४०,००० खोडावेत. त्याऐवजी घरी कमोड बसवणे, वॉकर, सहा आठवड्यांची फिजिओथेरपी आणि सोबतीला माणूस यांसाठी ५०,००० बाजूला काढावेत. खर्च सव्वातीन लाखांत बसतो, म्हणजे बँकेच्या ठेवीला हात लागत नाही.

आता जे आपण विचारलेले नाही, त्याकडे वळतो. पत्रासोबतची कागदपत्रे पाहिली. आपली पॉलिसी ही आरोग्य विमा नसून आयुर्विम्याची बचत योजना आहे. तिला रुग्णालय भत्ता जोडलेला आहे, दिवसाला २,००० रुपये. पाच दिवस राहिलात तर १०,००० होतात. खर्च पावणेतीन लाखांचा. शिवाय प्रस्तावात ‘पूर्वीचा आजार नाही’ अशी खूण आहे. आपण म्हणता, की त्या दिवशी आपण काठी टेकत बँकेत गेला होतात आणि खूण साहेबांनी केली. तेव्हा तो भत्ताही नाकारला जाईल असेच धरून चालावे. ठेवीचे नूतनीकरण करायला गेलेल्या ६२ वर्षांच्या माणसाला दहा वर्षांचे हप्ते गळ्यात बांधणे, ही विक्री नव्हे, लबाडी आहे.

हप्ता महिन्याला १२,५०० पडतो, म्हणजे निवृत्तिवेतनाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त. एकूण १५ लाख भरून पंधराव्या वर्षाअखेरी, आपल्या ७७ व्या वर्षी, २४ लाख मिळणार. परतावा जेमतेम साडेचार टक्के. पोस्टातील ज्येष्ठ नागरिक बचत योजना ८.२ टक्के देते. पॉलिसी परत करण्याची ३० दिवसांची मुदत टळली आहे. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार वर्षभराचा हप्ता भरलेल्या अशा पॉलिसीला वर्ष पूर्ण झाल्यावर समर्पण मूल्य, म्हणजे मुदतीआधी पॉलिसी बंद केल्यास परत मिळणारी रक्कम, मिळते. ते किती, हे कंपनीकडून लेखी मागावे. समजा निम्मेच मिळाले, तर ७५,००० गेले, पण पुढचे साडेतेरा लाख वाचले. त्याच पत्रात फसवून विक्री केल्याची तक्रार करून पूर्ण हप्ता परत मागावा, आणि महिनाभरात समाधान न झाल्यास बेंगळुरूच्या विमा लोकपालांकडे जावे. तेथे शुल्क लागत नाही.

वाचलेल्या हप्त्यातून आपण उभयतांनी खरा आरोग्य विमा घ्यावा, आणि या खेपेस खुब्याचा उल्लेख स्वतःच्या हाताने करावा. आधीच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागेल, बाकीच्या बहुतेक आजारांना संरक्षण त्याआधीच सुरू होईल. व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून नाही, हीही थोडी सवलत. सीमाभागातील ८६५ गावांना महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू केली आहे. आपले गाव त्यांत असेल तर आरोग्यमित्राला, म्हणजे या योजनेच्या रुग्णालयातील मदतनिसाला, भेटावे, पण दाखल होण्याआधी.

पुढच्या महिन्याचा हप्ता खात्यातून आपोआप वळता होत असेल, तर ती सूचना याच आठवड्यात बँकेत लेखी रद्द करून पोच घ्यावी. आणि रोपलावणीचे मजूर आत्ताच सांगून ठेवावेत; जुलैत ऐन वेळी माणूस मिळत नाही, हे आपल्याला मी सांगायला नको.