एचपीव्हीचा 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट आणि ठरलेलं लग्न

"रक्त तपासलं की एचपीव्ही आहे का ते कळेल ना?" लग्न ठरलेली मुलंमुली माझ्याकडे सांगलीत हा प्रश्न घेऊन वरचेवर येतात. एचपीव्ही म्हणजे लैंगिक संबंधातून पसरणारा, गर्भाशयमुखाचा कॅन्सर करू शकणारा विषाणू. एचआयव्ही, कावीळ रक्तात कळते, मग हाही कळत असेल, असा त्यांचा सरळ हिशेब असतो.

त्यातलीच ही एक, तासगावकडची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वय २४, साखरपुडा झालेला, सोबत थोरली बहीण. तिनं पर्समधून चार घड्या घातलेला कागद काढला. एचपीव्हीच्या १६ नंबरच्या प्रकाराविरुद्धच्या अँटिबॉडी (विषाणूशी लढायला शरीर बनवतं ती प्रथिनं), पुढे 'पॉझिटिव्ह', आणि त्या शब्दाखाली पेनानं दोनदा मारलेली रेघ.

"मॅडम, त्यांच्या घरी काय सांगू? कॉलेजात असताना एकच मित्र होता हो." पुढे तिला बोलवेना.

मी तिला रडू दिलं. मग विचारलं, "एचपीव्हीची लस घेतली होतीस का कधी?"

"हो, पुण्यात नोकरीला होते तेव्हा. तिन्ही डोस."

अगं, अँटिबॉडी तयार व्हाव्यात म्हणूनच तर लस घ्यायची! संसर्गानंतर होतात त्याहून कितीतरी जास्त अँटिबॉडी लसीनं होतात. तो कागद बहुधा लसीचंच काम दाखवत होता.

लस घेतली नसती, तरीही त्या रिपोर्टवरून काही ठरवता आलं नसतं. हा विषाणू रक्तात फिरत नाही, त्वचेच्या आणि गर्भाशयमुखाच्या वरच्या थरातच राहतो. त्यामुळे संसर्ग होऊनही अनेकांच्या रक्तात अँटिबॉडी येत नाहीत, पुरुषांत तर आणखी कमी. ज्यांच्यात येतात त्यांच्यात काही महिन्यांनी येतात, आणि संसर्ग गेल्यावरही टिकू शकतात. म्हणजे पॉझिटिव्ह आला म्हणून आज संसर्ग आहे असं नाही, आणि निगेटिव्ह आला म्हणून कधी झालाच नाही असंही नाही. समाजात प्रसार किती, लसीचा परिणाम किती, हे अभ्यासायला संशोधकांना ही तपासणी लागते. त्यावर एका मुलीचं लग्न मोडायला निघणं मला फार क्लेशदायक वाटतं.

"मग खरी तपासणी कोणती?" ताईनं विचारलं.

गर्भाशयमुखाचा नमुना घेऊन केलेली विषाणूची डीएनए तपासणी. जागतिक आरोग्य संघटना ती सर्वसाधारण स्त्रियांना वयाच्या ३० नंतर सुचवते. विशीत हा संसर्ग सर्रास होतो आणि बहुतेकींचा दोनेक वर्षांत आपोआप जातो. वर्षानुवर्षं टिकून राहिला तरच कॅन्सरचा धोका. आपल्याच धाराशिव (तेव्हाच्या उस्मानाबाद) जिल्ह्यात सव्वा लाखाहून जास्त बायकांचा अभ्यास झाला, २००९ साली तो प्रसिद्ध झाला. एकदाच डीएनए तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते.

ताईचं वय ३४. तिची एकही तपासणी झालेली नव्हती. धाकटीच्या काळजीनं आलेल्या या बाईलाच खरी तपासणीची गरज होती, तसं मी स्पष्ट सांगितलं. धाकटीला सांगितलं, लस सगळ्या प्रकारांवर चालत नाही, तेव्हा तिशीनंतर तूही करून घे. होणाऱ्या नवऱ्याला जुन्या मित्राबद्दल सांगायचं की नाही, ते तुझं तू ठरव; हा रिपोर्ट त्याचं कारण होऊ देऊ नकोस.