रोजच्या वापराला आणि ट्रेकला चाकू घ्यायचाय : घडीचा की सरळ पात्याचा?

तुमचं म्हणणं असं, की नोकरी पुण्यात, महिन्याकाठी एखादा ट्रेक, अधूनमधून गडावर मुक्काम. रोज खिशात राहील आणि गडावरही चालेल असा एकच चाकू हवाय. मग तो घडीचा घ्यावा की फिक्स्ड ब्लेड, म्हणजे मुठीत कायमचं बसवलेल्या पात्याचा?

'एकच' हा हट्ट आधी सोडा. खिशात लहानसा घडीचा चाकू ठेवा आणि मुक्कामाच्या ट्रेकला घरातली भाजी चिरायची छोटी सुरी सॅकमध्ये टाका. पंधराएक वर्षं सह्याद्रीत भटकून आणि मधल्या काळात चाकूंवर नको तेवढे पैसे उडवून मी इथवर आलोय. तुम्ही थेट इथून सुरुवात करा.

गडावर आपण नक्की काय कापतो? कांदा, मिरची, बटाटा, मसाल्याची पाकिटं, फार तर दोरी आणि चिकटपट्टी. यूट्यूबवर लोक जाड पात्याच्या चाकूवर ओंडका हाणून लाकडं फोडताना दिसतात, ते स्वीडन-कॅनडाच्या जंगलात ठीक आहे. तिकडे बाहेरून भिजलेलं लाकूड फोडून आतला कोरडा गाभा काढावा लागतो. आपल्याकडे हरिश्चंद्रगडासारखे कितीतरी गड अभयारण्यात आहेत. तिथे लाकूड तोडणं गुन्हा आहे, आणि गॅसचा छोटा शेगडीसंच असताना गरजही नाही. त्यामुळे पाच मिलिमीटर जाडीचं पातं, मागे करवतीचे दात, मुठीत होकायंत्र असलं काही घेऊ नका. त्या जाड पात्याने कांदा चिरत नाही, फुटतो.

आणि खरंच तोडायची वेळ आली, तर त्याचं हत्यार आपल्याकडे कधीपासूनच आहे. बेलपाड्याहून नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगडावर चढलो तेव्हा वाट दाखवायला गावातले एक मामा होते. कमरेला आकडी, आकडीत कोयता. वाटेवर आडवी आलेली काटेरी फांदी चालता चालता एका घावात बाजूला. रात्री वर पोचल्यावर मी मोठ्या ऐटीत माझा नवा परदेशी चाकू काढून कांदा सोलायला बसलो. मामांनी थोडा वेळ पाहिलं. मग कोयत्याची मूठ पायाखाली दाबली, धार वर केली आणि विळीवर चिरावा तसा चार माणसांचा कांदा चिरून टाकला. माझा दुसरा कांदा चालू होता. "चांगला हाय तुमचा," म्हणाले, "पण बारीक हाय." तेव्हापासून मी चाकूवर फुशारकी मारत नाही.

आता घडीच्या चाकूबद्दल जरा सविस्तर, कारण रोज हाताशी राहणार तो हाच. कुरिअरचे खोके, ऑफिसात सफरचंद, सुतळी, पेन्सिल, एवढ्याला सात-आठ सेंटिमीटरचं पातं पुरतं. खरा प्रश्न लॉकचा, म्हणजे उघडलेलं पातं मिटू न देणाऱ्या अडकणीचा आहे. स्विस आर्मी चाकू म्हणून जो आपण ओळखतो त्याच्या लहान आणि मधल्या आकाराला लॉक नसतो. पातं नुसत्या स्प्रिंगच्या दाबावर उघडं राहतं. खाली दाबून कापायला तो उत्तम, पण टोकाने भोसकायला नाही. हे मी बोटावर शिकलो. राजमाचीच्या वाटेवर एका मित्राच्या बुटाचा सोल सुटला. सोलला भोक पाडून दोरी ओवायची म्हणून मी बिनलॉकच्या चाकूचं टोक रबरात खुपसलं आणि जोर लावला. टोक अडलं, पातं मागे वळलं आणि तर्जनीवर मिटलं. चाकूचा काही दोष नव्हता, मीच त्याच्याकडून टोच्याचं काम करून घेत होतो. मित्राचा बूट शेवटी मोज्यावरून सुतळी गुंडाळून खाली आला आणि माझं बोट रुमालात.

म्हणून बाहेर न्यायचा असेल तर लॉकवाला घ्या. लायनर लॉक सगळ्यात जास्त मिळतो. आत पत्र्याची एक पट्टी असते, पातं पूर्ण उघडलं की ती सरकून पात्याच्या बुडाला टेकते. दुकानात बघताना पातं उघडा आणि बोथट पाठीवर अंगठ्याने मिटायच्या दिशेला दाब द्या. पट्टी सरकली किंवा पातं डुगडुगलं तर ठेवून द्या. बंद करताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो, तेव्हा सवय होईपर्यंत सावकाश. मला स्वतःला फ्रान्सचा ओपिनेल आवडतो, आठ नंबरचा. साडेआठ सेंटिमीटरचं पातळ पातं, लाकडी मूठ, आणि मुठीच्या तोंडाशी फिरवायची एक कडी. कडी फिरवली की पातं अडकतं. चाकू १८९० च्या सुमाराचा, कडी १९५५ पासून आली. फक्त एक सांगतो, आपल्या जुलैत त्याचं लाकूड फुगतं आणि पातं उघडताना नखं तुटायची वेळ येते. पावसाळ्यात मी तो घरीच ठेवतो.

घडीच्या चाकूची दुसरी अडचण सांधा. कांदा-टोमॅटोचा रस, कोथिंबिरीचं पान, गुळाचा चिकटा, सगळं खिळ्यापाशी जाऊन बसतं. गडावर टाक्यातलं पाणी जपून वापरायचं, तिथे सांधा कुठे धुणार? दोन दिवसांनी तो चाकू नाकाजवळ नेऊन बघा. सरळ सुरी मात्र एकदा पुसली की झालं. म्हणूनच स्वयंपाकाला घरातली सुरी. तिला म्यान हवं: जाड पुठ्ठा दुमडून वरून रुंद चिकटपट्टी, बस्स. पैसे घालायचेच असतील तर स्वीडनचा 'मोरा' नावाचा साधा प्लास्टिक मुठीचा चाकू बघा. पातं दहा सेंटिमीटरच्या आसपास, अडीच मिलिमीटर जाड, सोबत म्यान. पात्याचं लोखंड मुठीत शेवटपर्यंत जायलाच हवं असं काही लोक ठासून सांगतात. या चाकूत ते जात नाही, आणि कांद्याला त्याने फरक पडत नाही.

पोलादाची नावं पाठ करू नका. 'सर्जिकल स्टील' एवढंच लिहिलं असेल तर त्यातून काही कळत नाही. कार्बन की स्टेनलेस एवढं विचारा. कार्बन म्हणजे आजीच्या लोखंडी विळीची जात: धार पटकन लागते, पण कैरी चिरली की काळी पडते आणि ओली ठेवली की तांबेरते. कोकणात किंवा पावसात जाणार असाल तर स्टेनलेस. कार्बनच घेतला तर कोरडा पुसून खोबरेलाचं बोट फिरवा. थंडीत वर ते थिजतं, म्हणून तेल घरूनच लावून न्या.

धार बोथट झाली की दगड हवाच असं नाही. चहाचा चिनी मातीचा कप उपडा केला की बुडाशी खरखरीत, बिनचकाकीची कडा दिसते. पातं थोडं तिरपं धरून त्या कडेवर दोन्ही बाजूंनी दहा-बारा वेळा ओढा. टोमॅटो पुन्हा न दाबता कापला जाईल.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण रोज खिशात म्हणालात म्हणून सांगतो. शस्त्र कायद्याखालच्या नियमांच्या यादीत पातं ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असलेले चाकू शस्त्र म्हणून धरले आहेत. घरकाम, शेती किंवा उद्योगासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. आपला चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. तरी महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली सण, मोर्चे, निवडणुका अशा काळात शस्त्रं बाळगायला मनाई करणारे आदेश निघतात, आणि तेव्हा 'हा फक्त सफरचंदाचा आहे' हे चौकीत समजावत बसणं त्रासाचं. गर्दीत, मिरवणुकीत, सभेला घरीच ठेवा. बटण दाबलं की उघडणारा खटक्याचा चाकू तर घेऊच नका. रामपुरी म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर जे येतं तेच पोलिसांच्याही येतं.

विमानाने जाताना चाकू चेक-इनच्या बॅगेत. माझा पहिला घडीचा चाकू हातातल्या सॅकच्या तळाशी राहून गेला होता. सुरक्षा तपासणीत त्याला पारदर्शक डब्यात टाकताना दिसलं, आत नेलकटर आणि कात्र्यांच्या ढिगात आधीच तीन चाकू पडले होते.