लेझर हार्डनिंग सुरू करताय? आधी पोलाद ओळखा
लेझर हार्डनिंग म्हणजे लेझरने पोलादाचा पृष्ठभाग तापवून कठीण करणं. लेझरची पॉवर किती ठेवायची ते नंतर बघू. आधी पोलादात कार्बन किती आहे ते तपासा. साधारण 0.3 टक्क्यांहून कमी असेल, तर कितीही तापवलंत तरी हवा तसा कठीणपणा येणार नाही. इथे थंड करायला तेल-पाणी लागत नाही. आतला थंड धातूच वरची उष्णता झपाट्याने ओढून घेतो आणि मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कठीण रचना, तयार होतं. म्हणूनच पातळ पत्र्यावर हे जमत नाही. पृष्ठभाग वितळता कामा नये, पायरोमीटर (न टेकवता तापमान मोजणारं उपकरण) लावाच.

खरी गोम लेझरने तापवलेले दोन पट्टे एकमेकांवर येतात तिथे आहे. आधी कठीण झालेला भाग पुन्हा तापून मऊ पडतो. माझा पहिला शाफ्ट तिथेच झिजला. हा जोड कमी भाराच्या बाजूला घ्या. आणि गॉगल तुमच्या लेझरच्या तरंगलांबीचाच हवा, दुसरा अजिबात नको.