आई संधिवातासाठी बरीच वर्षं प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेते, आता हाडं ठिसूळ झाल्याचं निघालंय. काय सांभाळावं?

आधी हे: घाबरून प्रेडनिसोलोन स्वतःहून बंद करू नका. या गोळीमुळे शरीरात आपोआप तयार होणारं कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) मंदावलेलं असतं, गोळी एकदम थांबली तर जिवावर बेतू शकतं. डोस कमी करता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा.

हाडं मजबूत ठेवणाऱ्या अलेन्ड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी दिली असेल तर ती सकाळी उपाशीपोटी, चहाच्याही आधी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होऊ शकते. कॅल्शियम जेवणानंतर.

कमरेतून वाकून भरलेली बादली उचलणं आईंना अजिबात करू देऊ नका. स्टेरॉइडमुळे मणके दबतात, कधीकधी न दुखताही. उंची कमी झालीशी वाटली किंवा पाठीत अचानक कळ आली तर लगेच डॉक्टरांना दाखवा. रोजचं चालणं मात्र चालू राहू द्या.