अर्ध्या तासावर अडलेलं पेटंट

प्रश्न : प्लेटिंगच्या (धातूच्या मुलाम्याच्या) सांडपाण्यातलं हेक्साव्हॅलंट, म्हणजे विषारी रूपातलं क्रोमियम आम्ही वाया गेलेल्या पिकलिंग ॲसिडमधल्या (धातूचा गंज काढणाऱ्या ॲसिडमधल्या) फेरसने, म्हणजे लोहाच्या एका रूपाने, कमी विषारी रूपात उतरवतो. सेटलिंग टाकीतला थोडा गाळ काढून अर्ध्या तासात ॲसिड टाकीत परत सोडतो, त्यामुळे फेरस कमी लागतं. आमच्या पेटंट अर्जावरचा परीक्षण अहवाल दोन जुने दस्तऐवज, डी१ आणि डी२, दाखवून म्हणतो : डी१मध्ये पिकलिंग ॲसिड आहे, डी२मध्ये खाणीच्या पाण्याचा गाळ चुन्यात परत घेतात, तेव्हा हे कुणालाही सुचेल. अहवाल येऊन चार महिने झाले. वर्षाची बचत दाखवली तर चालेल?

उत्तर : नाही. पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए)मध्ये तांत्रिक प्रगती ‘किंवा’ आर्थिक महत्त्व असं आहे खरं, पण पुढे ‘आणि’ येतं : त्या विषयातल्या जाणकाराला ती गोष्ट सहज सुचणारी नसावी. मिर्झापूरच्या पितळी भांड्यांच्या खटल्यात (१९७८) सर्वोच्च न्यायालयाने निव्वळ वर्कशॉपमधली सुधारणा पेटंटयोग्य मानली नाही.

तुमची खरी बाजू तुम्हीच प्रश्नात उरकून टाकली आहे. डी२ गाळ चुन्याकडे नेतो; तुम्ही ॲसिडकडे. जाणकार ते टाळेल, कारण गाळातलं हायड्रॉक्साइड विरघळताना ॲसिड खातं. तरी फायदा होतो, कारण गाळात न वापरलेलं फेरस असतं. उघड्यावर हवेने ते फेरिक, म्हणजे लोहाचं दुसरं रूप, होतं, मग उपयोग संपला. म्हणजे सगळं त्या अर्ध्या तासावर आहे, आणि तुमच्या अर्जाच्या प्रतीत पहिला क्लेम (ज्यावर हक्क मागता ते वाक्य) फक्त ‘गाळाचा काही भाग परत घेणे’ म्हणतो! इतका सैल क्लेम सहज सुचणारा ठरला तर नवल नाही.

आज स्पेसिफिकेशन (अर्जासोबत दिलेलं शोधाचं लेखी वर्णन) उघडा. अर्धा तास आणि ॲसिड टाकी, दोन्ही वर्णनात किंवा उदाहरणात लिहिलेलं असेल, तर कलम ५९खाली क्लेम तेवढा आवळता येईल. नसेल, तर नंतर घालता येणार नाही. प्रयोगाच्या वह्यांनीही ती उणीव भरत नाही.

असेल, तर एकाच पाण्यावर तीन चाचण्या घ्या : गाळ न परतवता, अर्ध्या तासात परतवून, चार तास उघडा ठेवून परतवून. क्रोमियम त्याच पातळीवर येईपर्यंत लागलेलं फेरस मोजा, जादा ॲसिडही नोंदवा. ते लपवलंत तर सुनावणीत विचारलं जाईलच. आकडे शपथपत्रावर द्या. परीक्षक मानतील का, हे आकडे पाहिल्याशिवाय सांगवत नाही.

उत्तराची मुदत सहा महिने. ती संपण्यापूर्वी फॉर्म ४ (मुदतवाढीची विनंती) भरला, तर आणखी तीन मिळू शकतात. तीही चुकली तर कलम २१खाली अर्ज सोडून दिल्याचं धरतात. कलम १५खाली नाकारलेल्या अर्जावर उच्च न्यायालयात अपील आहे. सोडून दिलेल्यावर नाही, तिथे रिट करावी लागते, आणि तिची तारीख कधी लागेल हे विचारू नका.